व्होल्वो म्हणजे फक्त एसी बस नव्हे! तुमच्या गाडीतला सीट बेल्ट नेमका आला कुठून?

ऊर्जानगर, दुर्गापूर किंवा चंद्रपुरात कुणापुढेही "व्होल्वो" म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? पुण्याला जाणारी एसी ट्रॅव्हल्स. बस दुसऱ्याच कंपनीची असली तरी आपण "व्होल्वोचं तिकीट काढलंय" असंच सांगतो. पण याच नावाची एक स्वीडिश कार कंपनी आहे आणि तिने शोधलेली एक वस्तू आज तुमच्या अल्टो, नेक्सॉन, बोलेरोमध्येही बसवलेली आहे. ती वस्तू म्हणजे खांद्यावरून येणारा सीट बेल्ट. हा बेल्ट आला कसा, काम कसा करतो आणि व्होल्वोच्या मालकांचे अनुभव आपल्याला काय शिकवतात, ते आज सोप्या भाषेत बघूया.

व्होल्वो एक की दोन?

आधी एक गोंधळ दूर करूया. आज व्होल्वो नावाच्या दोन वेगळ्या कंपन्या आहेत. बस आणि ट्रक बनवते ती व्होल्वो ग्रुप. कार बनवते ती व्होल्वो कार्स. १९९९ मध्ये फोर्डने कारचा धंदा विकत घेतला आणि २०१० मध्ये तो चीनच्या गीली कंपनीकडे गेला. दोघींचं नाव आणि लोगो एकच, पण मालक वेगळे.

भारतात व्होल्वोची बी७आर बस २००१ मध्ये आली. बेंगळुरूजवळच्या होसकोटे इथे कारखाना सुरू झाला. पुढे एसटीच्या दादर-पुणे शिवनेरीमुळे हे नाव महाराष्ट्रात घराघरात पोहोचलं. कार मात्र २००७ च्या सुमारास आल्या आणि किमतीमुळे मोठ्या शहरांपुरत्याच राहिल्या.

सुरुवात बेअरिंगच्या कंपनीतून

"व्होल्वो" हा लॅटिन शब्द आहे. अर्थ "मी फिरतो". एसकेएफ या स्वीडिश बेअरिंग कंपनीने हे नाव आधी बेअरिंगसाठी नोंदवलं होतं. याच एसकेएफचा कारखाना आपल्याकडे चिंचवडलाही आहे. असार गॅब्रिएल्सन आणि गुस्ताफ लार्सन या दोघांनी एसकेएफच्या पाठबळावर कार बनवायचं ठरवलं आणि १४ एप्रिल १९२७ रोजी गोथेनबर्गच्या कारखान्यातून पहिली व्होल्वो बाहेर पडली.

गाडीच्या जाळीवर तिरपी पट्टी असते ना, ती बघून अनेकांना वाटतं की हे सीट बेल्टचं चिन्ह आहे. तसं नाही. मधला लोगो रेडिएटरवर नीट बसावा म्हणून ती पट्टी लावली होती. बेल्ट यायला अजून ३२ वर्षं होती.

१९५९: खरी गोष्ट इथे सुरू होते

त्या काळी काही गाड्यांत फक्त कमरेचा पट्टा असायचा, विमानात असतो तसा. धडक झाली की कंबर जागेवर राहायची, पण छाती आणि डोकं पुढे आपटायचं. वर पट्ट्याचं बक्कल पोटावर, त्यामुळे आतल्या अवयवांना इजा व्हायची.

व्होल्वोने निल्स बोलिन नावाचा इंजिनिअर आणला. त्याआधी तो साब कंपनीत लढाऊ विमानाच्या इजेक्शन सीटवर काम करत होता. माणसाचं शरीर किती झटका सहन करतं, हे त्याला पक्कं माहीत होतं. त्याने एक पट्टा छातीवरून आणि एक कमरेवरून घेतला, दोन्ही बाजूला एकाच ठिकाणी अडकवले. आकार इंग्रजी "व्ही" सारखा आणि एका हाताने लावता येईल इतका सोपा. हाच तीन टोकांचा बेल्ट. १९५९ पासून तो व्होल्वोच्या गाड्यांत मिळू लागला.

आता महत्त्वाचा भाग. व्होल्वोने याचं पेटंट घेतलं, पण ते सगळ्या कार कंपन्यांसाठी खुलं ठेवलं. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर फीचर प्रीमियम व्हर्जनमध्ये लॉक केलं नाही, सगळ्यांना फ्री दिलं. म्हणूनच पाच लाखांच्या गाडीतला आणि एक कोटीच्या गाडीतला बेल्ट मुळात एकाच कल्पनेवर चालतो.

बेल्ट नेमकं करतो काय?

गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने धावतेय, म्हणजे तुम्हीही त्याच वेगाने धावताय. गाडी झाडाला धडकून थांबते, तुम्ही थांबत नाही. हिशेब केला तर हा वेग साधारण १४ मीटर उंचीवरून खाली पडण्याइतका होतो. म्हणजे जवळपास चौथ्या मजल्यावरून! डॅशबोर्ड हातांनी धरून हा झटका कुणालाच अडवता येत नाही.

बेल्ट तीन कामं करतो:

- तुम्हाला सीटला धरून ठेवतो, म्हणजे गाडीचा पुढचा भाग चेपत असताना तुम्हीही हळूहळू थांबता.
- झटका छातीचा पिंजरा आणि कमरेचं हाड अशा मजबूत भागांवर वाटून देतो.
- एअरबॅग उघडेपर्यंत तुम्हाला योग्य अंतरावर ठेवतो.

तिसरा मुद्दा नीट लक्षात घ्या. एअरबॅग पापणी लवायच्या आत फुगते. बेल्ट नसेल तर तुम्ही आधीच पुढे फेकले गेलेले असता आणि तीच एअरबॅग तुमच्या तोंडावर आदळते. एअरबॅग बेल्टच्या मदतीला आहे, बदली म्हणून नाही.

आणि मांडीवरचं बाळ? गाडी ताशी ५० वरून अर्ध्या मीटरमध्ये थांबली तर साधारण २० पट जोर येतो. १० किलोचं बाळ त्या क्षणी २०० किलोसारखं ओढतं. कुठलीच आई ते धरू शकत नाही. म्हणून व्होल्वोने १९७२ मध्येच मागे तोंड करून बसवायची लहान मुलांची सीट आणली.

मालकांचे अनुभव: चांगले आणि वाईट

सगळ्यात प्रसिद्ध व्होल्वो मालक म्हणजे अमेरिकेतले विज्ञान शिक्षक अर्व गॉर्डन. १९६६ मध्ये घेतलेल्या पी१८०० एस या गाडीवर त्यांनी २०१३ मध्ये ३० लाख मैल पूर्ण केले, म्हणजे सुमारे ४८ लाख किलोमीटर! त्यांचं गुपित साधं होतं: वेळच्या वेळी ऑइल बदलायचं आणि पुस्तिकेत दिलंय तशी सर्व्हिसिंग करायची.

भारतातले मालक सहसा मजबूत बांधणी आणि आरामदायी सीटचं कौतुक करतात. तक्रारी असतात त्या महागडे पार्ट्स आणि मोजकी सर्व्हिस सेंटर्स यांच्या. नव्या गाड्यांत सॉफ्टवेअरची डोकेदुखीही आलीय. ईएक्स९० ही इलेक्ट्रिक गाडी तर सॉफ्टवेअर तयार नसल्यामुळे उशिरा बाजारात आली.

पण एक घटना सांगितल्याशिवाय हा विषय पूर्ण होत नाही. २१ डिसेंबर २०२४ रोजी बेंगळुरूजवळ नेलमंगला इथे महामार्गावर एक कंटेनर दुभाजक ओलांडून व्होल्वो एक्ससी९० वर उलटला. गाडीतल्या एकाच कुटुंबातल्या सहाही जणांचा जागीच मृत्यू झाला. हे कुटुंब मूळचं आपल्या सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यातलं. तेव्हा सोशल मीडियावर एकच प्रश्न फिरत होता: "इतकी सुरक्षित गाडी, मग काय उपयोग?"

उत्तर असं आहे. गाडीची चाचणी ठरावीक वेगाला आणि ठरावीक प्रकारच्या धडकेला होते. आपल्या भारत एनकॅपमध्ये समोरची धडक ताशी ६४ किलोमीटरला घेतात. छतावर अनेक टनांचा कंटेनर पडला तर कुठलीही कार टिकणार नाही. तिथे रस्ता, दुभाजक, ट्रकचा वेग आणि दोन गाड्यांमधलं अंतर याच गोष्टी जीव वाचवतात. गाडी ही साखळीतली फक्त एक कडी.

बसचंही तेच. ३० ऑक्टोबर २०१३ रोजी तेलंगणातल्या महबूबनगरजवळ बेंगळुरू-हैदराबाद व्होल्वो बसला आग लागून ४५ जण गेले. १ जुलै २०२३ रोजी समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेल्या ट्रॅव्हल्सला आग लागली, २५ जणांचा जीव गेला. म्हणून बसमध्ये बसल्यावर चार्जिंग पॉइंट शोधण्याआधी संकटकाळी बाहेर पडायचं दार आणि काच फोडायचा हातोडा कुठे आहे ते बघा.

ताडोबाच्या रस्त्यावर ही टेक्नॉलॉजी चालेल का?

ऊर्जानगरहून पद्मापूर, आगरझरी, मोहर्लीकडे निघालं की चितळ, रानडुक्कर, नीलगाय कधीही आडवी येते. स्वीडनमध्ये हाच त्रास मूस नावाच्या भल्यामोठ्या हरणाचा. म्हणून व्होल्वोने कॅमेरा आणि रडार वापरून मोठे प्राणी ओळखणारी आणि स्वतःहून ब्रेक लावणारी यंत्रणा बनवली.

गंमत पुढे आहे. ही यंत्रणा ऑस्ट्रेलियात नेली तर कांगारूपुढे गोंधळली! प्राणी किती दूर आहे, हे ती जमिनीच्या आधाराने ठरवत होती. कांगारू उडी मारून हवेत गेला की तिला तो लांब वाटायचा आणि खाली आला की जवळ. २०१७ मध्ये ही बातमी जगभर गाजली.

आता भारतीय गाड्यांतही एडीएएस येतंय. पण त्या यंत्रणेला जे शिकवलंय तेच ती ओळखते. रात्री बसलेली गाय, झुडपातून उडी मारणारं चितळ, टेललाइट नसलेला कोळशाचा ट्रक, यांच्यासाठी एडीएएसवर विसंबू नका. जंगल रस्त्यावर वेग कमी ठेवणं हाच सगळ्यात भरवशाचा सेन्सर.

आज काय करायचं?

२०१९ मध्ये व्होल्वोने स्वतःच सांगितलं की फक्त टेक्नॉलॉजीने अपघाती मृत्यू शून्यावर येणार नाहीत. त्यांनी तीन अडथळे सांगितले: वेग, नशा आणि लक्ष विचलित होणं. २०२० पासून कंपनीने आपल्या नव्या गाड्यांचा वेग ताशी १८० वर मर्यादित केला. तिसरा अडथळा मात्र आपल्या हातातच असतो. मोबाइल!

तर ही पाच कामं करा:

१. क्लिप फेकून द्या. बेल्ट न लावता बीप बंद करणारी क्लिप गाडीत असेल तर आजच काढा. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन कंपन्यांना तिची विक्री बंद करायला लावली आणि १३ हजारांहून जास्त लिस्टिंग हटवल्या गेल्या.

२. मागेही बेल्ट लावा. नियम मागच्या सीटलाही लागू आहे, दंड १,००० रुपये. पण दंडापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे मागचा माणूस बेल्टशिवाय असेल तर तो पुढच्यावर आदळतो. बेल्ट कव्हरखाली दाबला गेला असेल तर बाहेर काढा.

३. झटका टेस्ट करा. बेल्ट हळू ओढला तर यायला हवा, जोरात ओढला तर अडकायला हवा. अडकत नसेल तर मेकॅनिकला दाखवा.

४. क्यूआर स्कॅन करा. नवीन गाडी बघताना भारत एनकॅपचं स्टिकर शोधा, मोबाइलने क्यूआर स्कॅन करा आणि मोठ्यांचे आणि मुलांचे स्टार वेगवेगळे बघा.

५. निघण्याआधी मॅप लावा. मग फोन होल्डरमध्ये. रील, कॉल, व्हॉट्सॲप सगळं पोहोचल्यावर.

एक्ससी९० सगळ्यांना परवडणार नाही, ती कोटीच्या घरात जाते. पण तिच्यातला सगळ्यात कामाचा भाग तुमच्या गाडीत आधीच आहे आणि तो लावायला दोन सेकंद लागतात. रविवारी मित्रांसोबत मोहर्लीला निघणार असाल तर मागच्या सीटवरच्या तिघांनाही हे वाचायला द्या. माहिती आवडली तर शेअर करा आणि तुमच्या गाडीत मागचे बेल्ट खरंच चालतात का, ते आम्हाला नक्की कळवा!