पिवळ्या नदीकाठचं बोरांचं गाव

बोराच्या झाडाला आपल्याकडे फारसं कुणी विचारत नाही. बांधावर उगवलं तर काट्यांवरून शिव्या, संक्रांतीला बोरन्हाणापुरती आठवण, एरवी ते शेळ्यांच्या हवाली. उत्तर चीनमधल्या शान्शी प्रांतात मात्र याच कुळातल्या झाडाच्या आधाराने एक गाव शेकडो वर्षं जगत आलंय. नीहगौ हे त्याचं नाव. ज्याशिएन तालुक्यात, पिवळ्या नदीच्या अगदी काठावर. समोरचा काठ दुसऱ्या प्रांतात, आणि गंमत म्हणजे त्या प्रांताचं नावही आपल्या कानाला शान्शीच ऐकू येतं.

गावाच्या पायथ्याला सुमारे 6 एकरांची जुनी बाग आहे. तिच्यात 1100च्या आसपास जुनी झाडं आहेत आणि सगळ्यांत म्हाताऱ्या झाडाचं वय 1300 वर्षांच्या वर सांगतात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने 2014 साली ज्याशिएनच्या या बागांना जागतिक महत्त्वाचा कृषी वारसा म्हणून मान्यता दिली. तेव्हापासून कॅमेरेवाल्यांची ये-जा वाढली. पिळवटलेली, आतून पोकळ झालेली खोडं, मागे पिवळ्या मातीच्या दरडी, खाली गढूळ नदी, असा फोटो सुरेख येतो. पण त्या चौकटीतली एकही वस्तू शोभेसाठी केलेली नाही. जे दिसतं ते पोटापाण्याच्या धडपडीतून उरलेलं आहे.

सुरुवात मातीपासूनच करावी लागते. वायव्येच्या वाळवंटांतून वाऱ्याने उडत आलेली बारीक धूळ वीस-पंचवीस लाख वर्षं इथे साचत राहिली. काही ठिकाणी तिचा थर 100 मीटरहूनही जाड आहे. ही माती मऊ, कुदळीने सहज कापली जाते, पण उभी कापली तरी ढासळत नाही. म्हणून डोंगराच्या कुशीत कमानदार घरं कोरायची रीत पडली. नदीकाठी दगड मुबलक, तिथे त्याच आकाराची दगडी घरंही बांधतात. तोंड शक्यतो दक्षिणेला, म्हणजे हिवाळ्यातलं तिरपं ऊन पार मागच्या भिंतीपर्यंत पोचतं. उन्हाळ्यात आत गारवा, हिवाळ्यात ऊब. या घरांना धोकाही आहे. 1556च्या जानेवारीत याच प्रांताच्या दक्षिण भागात झालेल्या भूकंपात 8 लाख 30 हजार माणसं गेल्याची जुन्या बखरींत नोंद आहे. त्यांतली कितीतरी अशाच घरांत गाडली गेली.

घरात शिरल्यावर पहिल्यांदा नजर जाते ती ‘खांग’वर. हा मातीचा किंवा विटांचा ओटा, जवळजवळ खोलीच्या रुंदीएवढा. शेजारी चूल. चुलीचा धूर थेट बाहेर न जाता ओट्याच्या पोटातल्या वळणावळणाच्या पोकळीतून फिरतो आणि मग धुराड्याने वर निघतो. संध्याकाळचा स्वयंपाक झाला की अंथरूण आपोआप तापलेलं असतं. म्हातारी माणसं त्यावर बसूनच शिवणटिपण करतात, पाहुण्यालाही वर बसवतात, जेवणही तिथेच. चुलीच्या तोंडाशी झोपणाऱ्याची मात्र पाठ भाजते. ती उबेची जागा बहुतेक घरांत वडीलधाऱ्यांसाठी किंवा पाहुण्यासाठी राखलेली असते. जाळीच्या खिडकीला पांढरा कागद चिकटवलेला आणि त्यावर सणासाठी कात्रीने कापलेली लाल नक्षी.

जेवण साधं. सकाळी राळ्याची पातळ पेज. राळा आपल्याकडे जवळजवळ विस्मरणात गेला, तिथे तो रोजचा आहे. बटाटा किसून, पिठात घोळवून, वाफवून, वर मिरची आणि व्हिनेगर. कुट्टूच्या पिठाच्या शेवया लाकडी दाबयंत्रातून थेट उकळत्या पाण्यात पाडतात. यंत्र म्हणजे आपला सोऱ्याच, फक्त त्याच्या दांड्यावर माणूस अख्खं वजन टाकतो. हिवाळ्यासाठी कोबी खारवून मोठ्या रांजणात, वर नदीतला गोटा ठेवून दाबलेला.

आणि बोरं. हे झाड सगळ्यांत उशिरा पालवतं, त्यामुळे वसंतातल्या अवेळच्या थंडीच्या तडाख्यातून सुटतं. पाऊस कमी झाला तरी तग धरतं. शिवाय सावली विरळ, म्हणून झाडाखाली कडधान्य, भाजी निघते. सप्टेंबरअखेर लांब काठ्यांनी झोडपून फळं पाडायची, छपरावर आणि अंगणात वाळत घालायची. चांगली फळं वेचून, दारूत बुडवून काढून मडक्यात बंद करतात; ती नव्या वर्षाच्या सणाला उघडायची. दुष्काळात हीच सुकी फळं कोंड्याबरोबर दळून त्याचं पीठ खाल्लं जाई. त्या झाडांना गावकरी जो मान देतात तो वयामुळे कमी आणि या पिठामुळे जास्त, असं मला वाटतं.

हा मुलूख मराठी माणसाला अगदीच परका नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर 1939च्या फेब्रुवारीत पोचले ते येनानला, म्हणजे याच उत्तर शान्शीत. तिथलं इस्पितळही अशाच कोरीव घरांत होतं. ज्याशिएनची स्वतःची कीर्ती मात्र एका गाण्यामुळे. इथल्या ली यौयुआन नावाच्या शेतकऱ्याने मुलखातल्या लोकगीताच्या चालीवर माओंच्या गौरवाचं गाणं बांधलं. पुढे 1970च्या एप्रिलमध्ये चीनच्या पहिल्या उपग्रहाने अंतराळातून तीच धून ऐकवली.

आज गावात गेलं तर भेटतात ती बहुतांश साठीपुढची माणसं. 2001पासून खेड्यातल्या लहान शाळा मोठ्या शाळांत विलीन करण्याचं सरकारी धोरण आलं. शाळा गेली की आई मुलाला घेऊन तालुक्याला जाते, एक खोली भाड्याने घेते आणि मूल शिकेपर्यंत तिथेच राहते. बाप बांधकामावर, कारखान्यात, नाहीतर उत्तरेच्या कोळसापट्ट्यात. नव्या वर्षाला सगळे परततात. फटाके, दारावर लाल पट्ट्या, बोरं खोचलेले वाफवलेले पाव, पूर्वजांच्या थडग्यांवर कागदी पैसे. कंदिलांच्या पौर्णिमेपर्यंत बहुतेक जण पुन्हा निघून जातात. या स्थलांतराचा दोष सगळेच शहराच्या झगमगाटावर टाकतात. मला तो बोराच्या भावात जास्त दिसतो.

गेल्या वीसेक वर्षांत दूर पश्चिमेच्या शिंजियांगमध्ये बोरांच्या प्रचंड बागा उभ्या राहिल्या. तिथे सिंचनाचं पाणी आहे आणि ऐन काढणीत पाऊस नाही, म्हणून फळ मोठं, गोड, न तडकलेलं. पिवळ्या नदीकाठी नेमका काढणीच्या आठवड्यांत पाऊस पडतो, पिकलेलं फळ फुटतं आणि सडतं. भाव इतका उतरला की काही हंगामांत फळ उतरवायची मजुरीही सुटत नव्हती. लोकांनी ते झाडावरच सोडून दिलं, किंवा शेळ्या-डुकरांना घातलं. ज्या वर्षांत जगाने बागेला वारसा म्हणून नावाजलं, तीच ही वर्षं.

याच मुलखातल्या छिंगज्यान तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी यावर उपाय काढला आहे. बुटकी झाडं लावायची आणि त्यांच्यावर प्लॅस्टिकचं छप्पर घालायचं. पाऊस लागत नाही, फळ लवकर येतं, ताज्या बोरांना वाळलेल्यांपेक्षा कितीतरी चांगला भाव मिळतो. 1300 वर्षांच्या झाडावर असं छप्पर बसणार नाही, आणि बसवलंच तर फोटो काढायला कुणी येणार नाही.