ऊसतोड कामगाराचा मालक कोण?

दिवाळी सरली की इंदापूर तालुक्यातील कळस परिसरात ऊसतोड कामगार येऊ लागतात. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर वाढलेला ऊस तोडण्यासाठी बीड, अहिल्यानगर, जळगाव या जिल्ह्यांतून कुटुंबेच्या कुटुंबे येतात. त्यांच्या कोप्या आपण दरवर्षी पाहतो; परंतु ही माणसे नेमकी कोणाच्या नोकरीत आहेत, हा प्रश्न आपल्याला क्वचितच पडतो.

कारखान्याला विचारावे, तर त्याचा करार वाहतूकदाराशी असतो. वाहतूकदार मुकादमाकडे बोट दाखवतो. मुकादम पावसाळ्यातच गावोगावी फिरून 'उचल' देतो. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो आणि हंगामभर टनामागे मिळणाऱ्या मजुरीतून ती उचल फेडायची असते. आजारपणाने एक दिवस बुडाला की 'खाडा' पडतो, त्याचा दंड कापला जातो. हंगामाअखेर जी बाकी राहील, ती पुढच्या वर्षाच्या मानेवर. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली, हे खरे; पण दर वाढला म्हणून खाड्याची धास्ती जात नाही. ही धास्ती किती खोल आहे, हे २०१९ साली शासकीय समितीने बीड जिल्ह्यात केलेल्या पाहणीवरून कळावे. ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली.

कायदा काय म्हणतो? १९७९ चा स्थलांतरित कामगारांचा कायदा राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांसाठी होता. त्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या श्रमसंहितेतही व्याख्या आंतरराज्यच राहिली. बीडहून पुणे जिल्ह्यात आलेला मजूर तिच्यात बसत नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने राज्याचे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे. मात्र नोंदणी व ओळखपत्र मूळ गावच्या ग्रामसेवकाकडून घ्यावयाचे, आणि हंगामात तर ते गाव दोनशे किलोमीटर दूर!

पोप जॉन पॉल दुसरे यांनी मानवी श्रमाविषयीच्या १९८१ च्या परिपत्रकात 'प्रत्यक्ष' व 'अप्रत्यक्ष' मालक असा भेद केला आहे. जो मजुरी देतो तो प्रत्यक्ष मालक. परंतु ज्यांच्या धोरणांनी व करारांनी कामाच्या अटी ठरतात, तेही उत्तरदायी असतात. मुकादम हा पहिला, हे उघड आहे. आमच्या मते वाहतूकदार, कारखाना आणि शासन दुसऱ्या वर्गात मोडतात. ऊस ज्याच्या शेतात उभा आहे तो बागायतदारही थोड्याफार अंशाने मोडतो, मग ते आम्हां स्थानिकांना रुचो वा न रुचो.

कोप्यांना जागा आणि पिण्याचे पाणी देणे त्याच्या हाती आहे. ओळखपत्र आहे का, हे विचारणेही. मुलांविषयी तर कायदा स्पष्ट आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार वर्षाच्या मध्येही प्रवेश द्यावा लागतो, आणि जुन्या शाळेचा दाखला आलेला नाही म्हणून जवळची शाळा मुलाला परत पाठवू शकत नाही.