‘हार्ड’ होते म्हणून ‘सॉफ्ट’ आले

सॉफ्टवेअरला हात लावता येत नाही, मग ते मऊ कसे? या इंग्रजी जोडशब्दाचे कोडे त्याच्या जोडीदारापाशी सुटते. ‘वेअर’ म्हणजे विकायचा माल, आणि हार्डवेअर म्हणजे खिळे, बिजागऱ्या, कड्या-कोयंडे. आपल्याकडच्या दुकानांच्या पाट्यांवर आजही तोच अर्थ आहे. अभियंत्यांनी हे नाव पुढे संगणकाच्या सांगाड्याला दिले. १९४६मध्ये जगासमोर आलेल्या एनिॲक या संगणकाला नवे गणित घालायचे तर तारा उपसून दुसरीकडे खोचाव्या लागत, खटके फिरवावे लागत. सूचना जोडणीतच गुंतलेल्या होत्या, म्हणून त्यांना वेगळे नाव लागले नाही. जून १९४८मध्ये मँचेस्टरच्या ‘बेबी’ संगणकाने स्वतःच्या स्मृतीत साठवलेली आज्ञावली चालवली. आता यंत्राची जोडणी न बदलता काम बदलता येऊ लागले आणि नावाची गरज निर्माण झाली. रस्ते पक्के झाल्यावरच जुन्याला ‘कच्चा’ म्हणावे लागते, तसेच इथे झाले. ‘सॉफ्ट’ म्हणजे मऊ नव्हे. जे ‘हार्ड’ नाही ते.

यावर कोणी म्हणेल, हा शब्द तर गणिती जॉन टुकी यांनी घडवला. जानेवारी १९५८च्या ‘अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली’त त्यांनी कंपायलर आणि तत्सम आज्ञावल्यांना सॉफ्टवेअर म्हटले, आणि त्यांचे मोल निर्वात नळ्या, ट्रान्झिस्टर, तारा, फितींइतके तरी मानले, हे खरे. ‘बिट’ हा शब्दही त्यांचाच; १९४८मध्ये गणिती क्लॉड शॅनन यांनी तसे नोंदवले आहे. पण सॉफ्टवेअरची गोष्ट निराळी आहे. १८५०मध्ये चार्ल्स डिकन्स यांच्या ‘हाउसहोल्ड वर्ड्स’ साप्ताहिकात लंडनच्या कचऱ्याच्या ढिगाऱ्यांवर लेख आला होता. तिथे निवडणारे लोक फुटकी मडकी, शिंपल्या ‘हार्डवेअर’मध्ये टाकत, ती रस्त्याच्या भरावाला जात. कुजणारे सारे ‘सॉफ्टवेअर’. ते खत म्हणून शेतात जाई.

मग संगणकातला शब्द त्या उकिरड्यावरून आला का? तसा धागा जोडणारा पुरावा नाही, आणि त्याची गरजही नाही. भाषेत एक जोड तयार असली की तिची उलट बाजू कोणालाही सुचू शकते. टिकते मात्र तीच, जिच्यामागे कामाची खरी विभागणी असते. लंडनची वाटणी ढिगाऱ्यापुरती होती. संगणकाच्या वाटणीने मात्र पुढे वेगळे व्यवसाय आणि वेगळी विद्याशाखा उभी केली. म्हणून हा शब्द प्रथम कोणी उच्चारला, यापेक्षा यंत्र आणि सूचना कधी वेगळ्या झाल्या, हा प्रश्न मोलाचा आहे. शब्दाचा खरा जन्म तिथेच आहे.