शोषखड्ड्याखालची माती काय अडवते, काय सोडते?

तालुक्याच्या गावात घर बांधायला काढले की मालक फरशीचा रंग निवडण्यासाठी चार दुकाने फिरतो. सेप्टिक टाकीची वेळ आली की मात्र ‘तुम्हीच बघा काय ते’ असे सांगून मोकळा होतो. मग निर्णय गवंडी, प्लंबर आणि सॅनिटरी दुकानदार यांच्या हाती येतो. या धंद्यात आपले अनेक कारागीर बंधू आहेत, म्हणून हा विषय आम्ही या पानावर घेत आहोत. घरातून वाहून जाणारी औषधे, धुण्याची पावडर, जंतुनाशके यांचे त्या खड्ड्याखाली पुढे होते तरी काय?

टाकीचे काम थोडे, मातीचे जास्त

सेप्टिक टाकीत जड घाण तळाशी बसते, तेल-तूप वर तरंगते आणि मधले पाणी बाहेर पडते. टाकीत हवा नसते. तेथील जंतू मैला कुजवतात, पण बहुतेक औषधे आणि धुण्याच्या पावडरीतील रसायने टाकीतून जवळजवळ जशीच्या तशी पुढे जातात. खरी सफाई होते ती टाकीबाहेरच्या मातीत.

माती हे काम दोन प्रकारे करते. चिकणमातीचे कण आणि कुजलेला पालापाचोळा काही रसायनांना धरून ठेवतात. दुसरे म्हणजे, मातीच्या पोकळ्यांत हवा असेल तर तेथील जंतू ही रसायने खाऊन त्यांचे तुकडे करतात. यासाठी दोन गोष्टी लागतात: हवा आणि वेळ. पाणी सावकाश झिरपले आणि खालच्या भूजलापर्यंत पुरेशी कोरडी माती असली, तरच हे साधते. माती पाण्याने तुडुंब भरली की हवा संपते आणि काम थांबते.

केप कॉडचा अनुभव

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात केप कॉड नावाची समुद्रात शिरलेली जमिनीची चिंचोळी पट्टी आहे. तेथील सुमारे ८५ टक्के घरांना सेप्टिक व्यवस्था आहे आणि पिण्याचे पाणीही त्याच जमिनीखालून येते. जमीन वाळूची, त्यामुळे पाणी भराभर खाली उतरते. सायलेंट स्प्रिंग इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेने तेथील २० सार्वजनिक विहिरींचे पाणी तपासले आणि २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाण्यात सल्फामेथोक्साझोल हे जंतुविरोधी औषध आणि फिट्सवरचे फेनिटोइन सापडले. प्रमाण अत्यल्प, लिटरमागे ग्रॅमच्या अब्जांश भागांत मोजण्याइतके. पण घरात घेतलेली गोळी विहिरीपर्यंत पोचते, हे त्यातून सिद्ध झाले.

याच संस्थेने २०१७ साली अनेक अभ्यास एकत्र तपासले. चांगली माती मिळाली तर पॅरासिटामॉल आणि चहा-कॉफीतील कॅफीन जवळजवळ नाहीसे होते. फिट्सवरचे कार्बामाझेपिन, सल्फामेथोक्साझोल आणि फोम-कापडात आग लागू नये म्हणून वापरले जाणारे एक रसायन मात्र बऱ्याच प्रमाणात निसटते. शहरांतील मोठ्या सांडपाणी केंद्रांतूनही हीच रसायने निसटतात, म्हणून दोष एकट्या सेप्टिकचा नाही.

फेसाचा धडा

व्यापारी बंधूंनी एक जुनी गोष्ट ध्यानात ठेवावी. १९५०च्या दशकात अमेरिकेत अशा पावडरी खपत होत्या की ज्यांतील रसायन जंतूंना पचत नसे. सेप्टिक असलेल्या वस्त्यांत विहिरीच्या पाण्याला फेस येऊ लागला. अखेर १९६५ साली तेथील कारखानदारांनी ते रसायन सोडून हवेशीर मातीत सहज विरघटणारे दुसरे रसायन घेतले आणि फेस ओसरला. मातीला जे पचत नाही ते दुकानातूनच थांबवावे लागते.

आपण काय करावे?

आपल्याकडे रिवाज एकाच खोल शोषखड्ड्याचा. खड्डा जितका खोल तितका तो भूजलाच्या जवळ आणि हवेपासून दूर. मॅसॅच्युसेट्सच्या नियमात शोषचराचा तळ आणि भूजल यांत किमान ४ फूट, भराभर पाणी शोषणाऱ्या वाळूत ५ फूट अंतर लागते. आपल्या भारतीय मानक २४७० मध्येही पिण्याच्या पाण्यापासून किमान १८ मीटर, म्हणजे सुमारे ६० फूट अंतर सांगितले आहे. कोकणातील जांभ्याच्या भेगांतून पाणी झरझर खाली जाते, तेथे अंगणातच विहीर असेल तर हे अंतर राखलेच पाहिजे. देशावरच्या काळ्या मातीत अडचण उलटी: ती ओली झाली की फुगते, पाणी मुरत नाही आणि खड्डा भरून वर येतो. जागा असेल तेथे एका खोल खड्ड्यापेक्षा उथळ, लांब चर खोदून पाणी पसरवणे बरे. खोदण्याआधी पावसाळ्यात शेजारच्या विहिरीचे पाणी किती वर येते, हे विचारून घ्यावे.

औषध दुकानदारांनी मुदत संपलेला माल वितरकाकडे परत करावा आणि उरलेल्या गोळ्या शौचालयात टाकू नयेत, असे ग्राहकालाही सांगावे. सॅनिटरी दुकानदारांनी ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर बेताने वापरण्याचा सल्ला द्यावा, कारण त्यांचा मारा झाला की टाकीतले उपयोगी जंतूच मरतात. आणि टाकी साफ करायची झाली तर यंत्राची गाडीच बोलवावी. आतल्या वायूने माणूस क्षणात जातो.

शोषखड्डा मातीने बुजवला की कारागिराचे काम कोणाला दिसत नाही. पण त्या घरातली मुले ज्या विहिरीचे पाणी पितात, त्या पाण्यात ते उतरलेले असते. मालकाने ‘तुम्हीच बघा’ म्हटले तर कारागीर बंधूंनी खरोखरच बघावे, एवढीच आमची विनंती.