अंजायना : गोळ्यांखेरीज आणखी काय?

जिना चढताना छाती आवळल्यासारखी होते, दोन-चार मिनिटे थांबले की बरे वाटते. थंडीत फजरला निघताना किंवा दावतीत पोटभर जेवून लगेच चालू लागले तर कळ लवकर उठते. महिनोन्‌महिने हे असेच, तेवढ्याच श्रमाला होत असेल तर डॉक्टर त्याला स्थिर अंजायना म्हणतात. अँजिओग्राफीचा रिपोर्ट हाती आला की घरात पहिला प्रश्न असतो, ‘स्टेंट कधी बसवायचा?’ आमच्या मते त्याआधी डॉक्टरांना विचारावे : याने आयुष्य वाढेल, की दुखणे कमी होईल?

हा फरक ‘इस्केमिया’ या ५,१७९ रुग्णांच्या अभ्यासात दिसला. निष्कर्ष २०२० साली आले. सगळ्यांना औषधे होतीच. निम्म्यांना शिवाय लगेच अँजिओग्राफी आणि गरजेप्रमाणे स्टेंट किंवा बायपास. तीनेक वर्षांत मृत्यू आणि हार्ट अटॅक दोन्हीकडे जवळपास सारखेच. वारंवार कळ येणाऱ्यांना मात्र स्टेंट-बायपासने अधिक आराम पडला. डाव्या मुख्य धमनीत मोठा अडथळा असलेले किंवा हृदय फार कमजोर झालेले रुग्ण या अभ्यासात नव्हते. अशांनी डॉक्टरांनी सांगितलेली बायपास टाळू नये.

व्यायाम हाही इलाजच आहे. जर्मनीत लाइपझिगला १०१ पुरुषांपैकी काहींना स्टेंट बसवला, बाकीच्यांना रोज २० मिनिटे सायकल दिली. वर्षभरात हृदयाचा नवा मोठा त्रास न झालेले सायकलवाल्यांत ८८ टक्के, स्टेंटवाल्यांत ७० टक्के निघाले. अभ्यास छोटा, पण विचार करायला लावणारा. आधी स्ट्रेस टेस्ट करून किती चालायचे ते डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. (अम्मी म्हणतात, ‘घरात दिवसभर चालतेच की!’ स्वयंपाकघरातल्या चकरा यात धरू नयेत.)

स्टेंट-बायपास शक्य नसेल तर ईईसीपी सुचवतात. पायांना आणि कमरेखाली गुंडाळलेले पट्टे हृदय सैल पडताच फुगतात, रक्त हृदयाकडे ढकलले जाते. तासाभराच्या ३५ बैठका, सुमारे सात आठवडे. पुष्कळांची कळ कमी होते. ब्लॉकेज मात्र विरघळत नाही, जाहिरात काहीही म्हणो. पायात रक्ताची गुठळी असेल किंवा महाधमनीची झडप बरीच गळत असेल तर हा उपचार चालत नाही.

यातले काहीही केले तरी गोळ्या मनाने बंद करू नयेत. आणि कळ बसल्या जागी उठली, घाम सुटला, थांबूनही जाईना, तर तो स्थिर अंजायना राहिला नाही. १०८ ला फोन करून तडक हॉस्पिटल गाठावे.