पैसा नेमका कुठे अडला?

‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना जुलै २०२४ पासून सुरू झाली. तेव्हापासून गटाच्या बैठकींत आम्ही एक प्रश्न सारखा ऐकतो. ‘शेजारणीचे १५०० रुपये आले, माझे का नाही?’ याचं उत्तर पैशाच्या वाटेत आहे. ती वाट आज समजून घेऊ.

नागपूर स्टेशनवर मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे मार्ग एकमेकांना भेटतात. तिथे प्रत्येक गाडीला आपापल्या रुळावर वळवावं लागतं. सरकारी पैशाचंही असंच जंक्शन आहे, एनपीसीआय. सरकार, एनपीसीआय आणि बँक यांचे संगणक एकमेकांना निरोप पाठवतात आणि त्या निरोपावर पैसा चालतो. वाटेत तीन टप्पे आहेत. प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न विचारला जातो.

पहिला टप्पा यादीचा. बाईचा अर्ज मंजूर आहे का? असेल, तर तिचा आधार क्रमांक आणि रक्कम पुढे जाते.

दुसरा टप्पा जंक्शनचा. या आधारपुढे कोणती बँक लिहिली आहे? एनपीसीआयच्या नोंदवहीत आपला खाते क्रमांक नसतो, फक्त बँक असते. एका आधारला एकच बँक, आणि जी शेवटी जोडली ती! म्हणून अर्जात एका बँकेचं पासबुक जोडलं, तरी पैसा दुसऱ्याच बँकेतल्या विसरलेल्या खात्यात जाऊ शकतो. नोंदच नसेल, तर निरोप इथूनच परत फिरतो.

तिसरा टप्पा बँकेचा. हे आधार जोडलेलं खातं चालू आहे का? चालू असेल तर पैसा जमा. बंद असेल तर निरोप कारणासह परत.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे ही नोंद झाली, असं नाही. सरकारी अनुदानासाठी आधार जोडायचं संमतीपत्र वेगळं भरून द्यावं लागतं.

आता चौकशी कुठे करायची? मंजुरीची शंका असेल तर अंगणवाडी सेविकेला विचारा. आधारपुढे कोणती बँक आहे, ते ‘माय आधार’ संकेतस्थळावर दिसतं. त्यासाठी आधारला जोडलेला मोबाइल जवळ हवा, कारण ओटीपी त्यावरच येतो. फोन करून कुणी ओटीपी मागितला तर मात्र मुळीच सांगू नका. बँक कळली, की त्याच बँकेत जाऊन पासबुक भरून घ्या. मेसेज आला नाही म्हणजे पैसे आले नाहीत, असं समजू नका. खात्याला जुना नंबर असेल तर मेसेज तिकडे जातो.

‘पैसे आले नाहीत’ एवढंच म्हटलं, तर या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरावं लागतं. ‘कोणत्या टप्प्यावर अडले?’ असं विचारलं, की जायची खिडकी एकच उरते. पुढच्या बैठकीत पासबुकं सोबत आणा. प्रत्येकीच्या आधारपुढे कोणती बँक आहे, ते एकदा मिळून पाहून घ्या.