दाताळं धरलेला शेतकरी रागावलाय की दमलाय?

हातात तीन दात्यांचं दाताळं, अंगात पट्ट्याची कामाची विजार, वर काळा कोट. ओठ असे मिटलेले, की वसुलीवाला दारात उभा असावा. शेजारी केस चापून बसवलेली बाई. अमेरिकेतल्या आयोवा राज्याचे चित्रकार ग्रँट वूड यांनी १९३० साली काढलेलं हे ‘अमेरिकन गॉथिक’ चित्र शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे.

आयोवा म्हणजे मक्याचा मुलूख. चित्राला शिकागोत ३०० डॉलरचं बक्षीस मिळालं, वर्तमानपत्रांतून ते गावोगाव गेलं आणि तिथल्या शेतकरी बायकाच खवळल्या. आमची माणसं अशी आंबट तोंडाची असतात काय, हा त्यांचा सवाल. शहरी जाणकार मात्र खूष. खेडवळांची चांगली खोड काढली म्हणून. आपण टिंगल केलेली नाही, असं वूड सांगत राहिले.

पुढं मंदीचा फास आवळत गेला. १९३२ च्या सुमारास मक्याचा भाव इतका पडला, की आयोवात लोकांनी मका जळण म्हणून शेगडीत घातला. मग तेच मिटलेले ओठ लोकांना निराळे दिसू लागले. हा तुसडा नव्हे, तग धरणारा गडी आहे, असं बोललं जाऊ लागलं. चित्रातली एक रेघही बदललेली नव्हती!

गंमत म्हणजे तो शेतकरी नव्हताच. वूड यांचे दाताचे डॉक्टर बायरन मॅकीबी यांचा तो चेहरा. बाई म्हणजे वूड यांची बहीण नॅन. दोघं समोर एकत्र कधी बसलेच नाहीत. लोक त्यांना नवरा-बायको समजत. नॅन सांगे, बाप-लेक आहेत.

आपल्याकडंही पंचनाम्याच्या वेळी शेतकरी गप्प उभा राहिला, की साहेबाला तो मग्रूर वाटतो. चार महिन्यांचं पीक पाण्यात गेलेला माणूस बोलणार तरी काय? तलाठी, ग्रामसेवक मंडळींनी हे चित्र एकदा निवांत बघावं. पुरुषाच्या तोंडावरून काही ठरवू नये. तो सरळ आपल्याकडं बघतो आणि काहीच सांगत नाही. बघायचं ते बाईकडं. तिची नजर आपल्यावर नाही, बाजूला कुठंतरी लागली आहे. कपाळाला बारीक आठी. आणि एवढ्या चापूनचोपून बसवलेल्या केसांतली एकच बट सुटून मानेवर आली आहे.